टिकली आणि रिकाम्या खोलीतला पंखा

टिकली होती एक चिमणी. अगदी पिल्लू. केवढीशी? तुमच्या मुठीत मावेल ना, तेवढीशी.

टिकलीचं घरटं होतं रुंजीच्या घरात. मधल्या खोलीत. भिंतीत खूप उंच एक भोक होतं. भोकात गवत. गवतावर कापूस. कापसावर टिकली. आणि टिकलीला चिकटून तिची आई.

टिकलीला उडता यायचं. पण थोडंसंच. घरट्यातून कपाटावर. कपाटावरून घरट्यात. बस्स!

एके दिवशी सकाळी काय झालं? टिकली कपाटावर बसली होती. आई घरट्यात होती. तेवढ्यात रुंजीचे बाबा खोलीत आले. त्यांनी बटण दाबलं. खट्! कपड्यांच्या घड्या घातल्या. एक, दोन, तीन. झाल्या घड्या. बाबा गेले स्वयंपाकघरात.

बटण तसंच राहिलं.

वर पंखा फिरायला लागला. गर्र... गर्र गर्र... गर्र गर्र गर्र!

बाप रे, केवढा वारा! टिकलीचे पाय सुटले. टिकली कपाटावरून उडाली. फर्रर्र! गादीवर पडली. टप्! गादीवरून घरंगळली. थेट खाली, गार गार फरशीवर.

टिकलीनं वर पाहिलं. घरटं लांब. आई लांब. आणि मध्ये तो पंखा! तीन मोठ्ठे हात. गर्र गर्र गर्र!

"चिव चिव! आई, मी वर येऊ?"

"नको गं बाळा, नको! पंखा लागेल! उडू नकोस!"

आईला खाली येता येईना. टिकलीला वर जाता येईना. टिकलीची छाती धडधडायला लागली. धडधड, धडधड.

खोलीत माणूस नाही कुणी. तरी पंखा सुरू!

टिकली घाबरत घाबरत पंख्याखाली गेली. टुपुक टुपुक. मान वर केली.

"पंखेकाका, पंखेकाका, थांबा ना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

पंखा फिरता फिरताच म्हणाला,
"मी नाही थांबायचा. आधी बटण दबू दे, मग मी थांबेन."

टिकली निघाली. टुपुक टुपुक. बटण होतं भिंतीवर. उंच. काळं काळं. टिकली भिंतीपाशी गेली.

"बटणा, बटणा, दब ना!
पंखा थांबेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

बटण म्हणालं,
"मी नाही दबायचं. आधी रुंजी पोचू दे, मग मी दबेन."

रुंजी कुठे होती? पुढच्या खोलीत. टिकली निघाली. टुपुक टुपुक. दारात आली. आणि थांबली!

उंबऱ्यावर कोण होतं? बोका! शेजारचा जाडा बोका. झोपला होता. घुर्र, घुर्र.

आता काय करायचं? दुसरी वाट नव्हती. टिकलीनं श्वास धरला. एक पाय टाकला. टुपुक. दुसरा पाय टाकला. टुपुक. बोक्याच्या मिशा हलल्या. टिकली दगडासारखी उभी राहिली. बोका पुन्हा घोरला. घुर्र. टिकली सटकली! टुपुक टुपुक टुपुक!

पुढच्या खोलीत रुंजी पाटीवर रेघोट्या मारत होती. तिचे पाय केवढे मोठे! टिकली लांबूनच म्हणाली,

"रुंजीताई, रुंजीताई, पोच ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

"अगं बाई! चिमणी बोलली!" रुंजी धावत मधल्या खोलीत गेली. तिनं पाट ठेवला. पाटावर चढली. टाचा उंच केल्या. जीभ बाहेर काढली. हात लांब, लांब, लांब केला. पण नाही! बटण तिथंच. बोट इथंच.

रुंजी रडवेली झाली.
"मी नाही पोचायची. आधी बाबा येऊ देत, मग मी पोचेन."

वरून आई ओरडली, "चिव चिव! टिकली, बोका बघ गं!"

टिकलीनं वळून पाहिलं. बोक्याचा एक डोळा उघडा होता. एकच. हिरवा हिरवा.

टिकली पळाली. टुपुक टुपुक टुपुक! थेट स्वयंपाकघरात.

स्वयंपाकघरात बाबा उभे होते. हातात पळी. कपाळावर घाम. बाबा म्हणजे केवढे उंच! पार पंख्याएवढे! टिकलीनं मान उंच केली. चोच उघडली.

"बाबा, बाबा, या ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
रुंजी पोचेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

बाबांनी खाली पाहिलं. "अगं चिमणे! पण गॅसवर डाळ आहे. डाळ टाकून कुठं जाऊ? कधीची शिजतेय. शिजायचं नाव नाही!"

आणि बाबा म्हणाले,
"मी नाही यायचा. आधी डाळ शिजू दे, मग मी येईन."

डाळ होती वर, ओट्यावर. टिकली चढली. पाटावरून डब्यावर. डब्यावरून मोठ्या डब्यावर. मोठ्या डब्यावरून ओट्यावर. फुर्रर्र! ओट्यावर काय होतं? जाळ! निळ्या निळ्या जिभा. भुस्स भुस्स! टिकलीचे पंख गरम झाले. ती मागे सरली. लांबूनच म्हणाली,

"डाळमावशी, डाळमावशी, शिज ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
रुंजी पोचेना!
बाबा येईनात!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

डाळ पातेल्यात रडकुंडीला आली होती. बुडुक बुडुक.
"अगं, माझ्यावर झाकणच नाही! सगळी वाफ उडून जाते. जाळ जळतोय, जळतोय, आणि मी कच्ची ती कच्ची! मी नाही शिजायची. आधी झाकण सापडू दे, मग मी शिजेन."

"झाकण कुठे आहे?"

"पडलं. खणकन पडलं. तिकडे, पिठाच्या डब्यामागे."

पिठाच्या डब्यामागे काळोख होता. वर दिवा जळत होता. दिवसा! पण दिव्याचा उजेड तिथं पोचत नव्हता. टिकली खाली उतरली. काळोखात शिरली. टुपुक... टुपुक... पंखांना काहीतरी चिकटलं. कोळ्याचं जाळं! टिकलीनं डोळे गच्च मिटले. पुढे गेली. पायाला गार गार काहीतरी लागलं.

टिकली हळूच म्हणाली,

"झाकणा, झाकणा, सापड ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
रुंजी पोचेना!
बाबा येईनात!
डाळ शिजेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

काळोखातून आवाज आला,
"मी नाही सापडायचं. आधी उजेड पडू दे, मग मी सापडेन."

टिकली डब्यामागून बाहेर आली. आणि डब्याला चिकटून बसली.

बोका! बोका स्वयंपाकघरात आला होता. दोन्ही डोळे उघडे. शेपटी हलत होती. इकडे. तिकडे. इकडे. तिकडे.

बाबांना दिसला का? नाही. बाबा वाकून कपाटाखाली झाकण शोधत होते. बोक्याकडे त्यांची पाठ.

टिकली उडाली. डब्यावर! मोठ्या डब्यावर! ओट्यावर! ओट्याच्या टोकाला खिडकी होती. खिडकीवर जाड पडदा होता. पडद्याच्या कडेला एक बारीक रेघ दिसत होती. पिवळी पिवळी. तो होता उजेड. बाहेर अडकलेला.

टिकली म्हणाली,

"उजेडदादा, उजेडदादा, पड ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
रुंजी पोचेना!
बाबा येईनात!
डाळ शिजेना!
झाकण सापडेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

उजेड म्हणाला, "सकाळपासून बाहेर उभा आहे मी. कुणी आत घेतच नाही! मी नाही पडायचा. आधी पडदा सरकू दे, मग मी पडेन."

टिकली पडद्याला चिकटली. पडदा जाड. पडदा जड.

"पडदेबुवा, पडदेबुवा, सरका ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
रुंजी पोचेना!
बाबा येईनात!
डाळ शिजेना!
झाकण सापडेना!
उजेड पडेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

पडदा जांभई देत म्हणाला,
"मी नाही सरकायचा. आधी वारा शिरू दे, मग मी सरकेन."

धप्!

कसला आवाज? बोका पाटावर चढला होता.

टिकली पडद्यामागे लपली. तिथं खिडकीची काच होती. बंद. काचेबाहेर कुणीतरी ओरडत होतं. सूंऽऽ! सूंऽऽ! टिकलीच्या अंगावर काटा आला. मागे बोका. पुढे हा आवाज! पण तो होता वारा. टिकली फटीपाशी गेली. थरथरत म्हणाली,

"वाऱ्या, वाऱ्या, शिर ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
रुंजी पोचेना!
बाबा येईनात!
डाळ शिजेना!
झाकण सापडेना!
उजेड पडेना!
पडदा सरकेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

वारा फटीतून कुजबुजला,
"मी नाही शिरायचा. आधी खिडकी उघडू दे, मग मी शिरेन."

धप्! बोका डब्यावर चढला.

"खिडकीताई, खिडकीताई, उघड ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
रुंजी पोचेना!
बाबा येईनात!
डाळ शिजेना!
झाकण सापडेना!
उजेड पडेना!
पडदा सरकेना!
वारा शिरेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

खिडकी करकरली. कर्रर्र!
"मी नाही उघडायची. आधी खिट्टी निघू दे, मग मी उघडेन."

धप्! बोका मोठ्या डब्यावर चढला.

खिट्टी होती खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात. एवढीशी. लोखंडाची. टिकलीनं एका दमात म्हटलं,

"खिट्टीबाई, खिट्टीबाई, निघ ना!
पंखा थांबेना!
बटण दबेना!
रुंजी पोचेना!
बाबा येईनात!
डाळ शिजेना!
झाकण सापडेना!
उजेड पडेना!
पडदा सरकेना!
वारा शिरेना!
खिडकी उघडेना!
घरट्यात मी कशी जाऊ?
आईला मी कशी पाहू?"

खिट्टी म्हणाली,
"मी नाही निघायची. आधी कुणीतरी टोचा मारू दे, मग मी निघेन."

टोचा? कोण मारणार टोचा?

टिकलीनं इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच उरलं नव्हतं. टिकलीला रडू आलं. लांबून, खूप लांबून आईचा आवाज आला. "चिव... चिव..."

धप्! बोका ओट्यावर आला.

आता पडद्याखालून एक पंजा आत आला. हळूच. मऊ मऊ पंजा. पंज्याला नखं. एक, दोन, तीन, चार!

टिकलीनं खिट्टीकडे पाहिलं. टिकलीनं चोच उघडली. चोच मिटली. अरेच्चा! चोच तर होती की!

टिकलीनं टोचा मारला. टक्!
खिट्टी हलली नाही.

पंजा जवळ आला.

टक् टक्!
चोच दुखली. खिट्टी हलली. एवढीशी.

पंजा आणखी जवळ आला. शेपटीला लागला!

टिकलीनं डोळे मिटले. सगळा जोर लावला. टक्! टक्! टक्!

खट्!

खिट्टी निघाली!
खिडकी उघडली. धाड्!
वारा शिरला. सूंऽऽऽ!
पडदा सरकला. फडफड फडफड! आणि कुठे गेला? थेट बोक्याच्या तोंडावर!

"म्यांव! म्यांव!" बोक्याला काही दिसेना. बोका गोल फिरला. ओट्यावरून पडला. धप्पकन! बाबा दचकले. "अरे, हा कुठून आला? शुक् शुक्!" बोका जो पळाला, जो पळाला, तो मागच्या दारानं पार शेजारी.

पडदा सरकला आणि उजेड पडला. ओट्यावर पडला. फरशीवर पडला. पिठाच्या डब्यामागे पडला. आणि झाकण चमकलं. चमचम!

"हे बघ झाकण! इथं पडलंय होय!" बाबा म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. "आणि एवढं ऊन आलंय, तर दिवा कशाला?" बाबांनी दिवा बंद केला. खट्!

झाकण सापडलं. बाबांनी ते धुतलं. डाळीवर ठेवलं. जाळ बारीक केला. निळ्या जिभा इवल्याशा झाल्या. आत वाफ कोंडली. रटरट, रटरट.

टिकली खिडकीत बसून वाट बघत होती. छाती धडधडत होती. धडधड, धडधड. मधल्या खोलीतून आवाज येतच होता. गर्र गर्र गर्र!

रटरट, रटरट. रटरट, रटरट. डाळ शिजली! बाबांनी गॅस बंद केला.

डाळ शिजली आणि बाबा आले. लांब लांब पावलं टाकत मधल्या खोलीत आले. त्यांच्यामागून टिकली. टुपुक टुपुक टुपुक.

"बाबा, मला उचला! लवकर!" रुंजी म्हणाली.

बाबांनी रुंजीला उचललं. वर, वर, वर. रुंजी पोचली. बटण दबलं. खट्!

पंखा थांबला का? अंहं! पंखा लगेच थांबत नाही. गर्र गर्र गर्र... टिकलीनं पंख उघडले.

"नको!" आई ओरडली. "अजून नाही गं!"

टिकलीनं पंख मिटले.

गर्र गर्र...

"अजून नाही."

गर्र...

मोठा हात हळूहळू फिरला. एकदा. अर्ध्यात आला. थांबला.

खोली गप्प झाली. अगदी गप्प.

"ये!" आई म्हणाली.

टिकली उडाली. फरशीवरून गादीवर. गादीवरून खुर्चीवर. खुर्चीवरून कपाटावर. आणि कपाटावरून... फुर्रर्र! थेट घरट्यात! आईनं पंख उघडला. टिकली पंखाखाली शिरली. आत मऊ होतं. ऊबदार होतं. छातीची धडधड कमी झाली. आणखी कमी झाली. मग ऐकूच येईना.

खाली रुंजी बाबांच्या कडेवर होती. ती पंख्याकडे बघत होती.

"बाबा, मी पुढच्या खोलीत होते ना?"

"हो."

"तुम्ही स्वयंपाकघरात होता ना?"

"हो गं."

"मग पंखा कुणाला वारा घालत होता?"

बाबांनी डोकं खाजवलं. वर घरट्याकडे पाहिलं. वरून दोन चोची खाली बघत होत्या. एक मोठी आणि एक एवढीशी.

"चुकलं माझं, टिकलीबाई," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून रुंजीचा नेम झाला. खोलीतून निघायचं, की आधी बाबांचा हात ओढायचा. वर बोट दाखवायचं. "बाबा, उचला!" मग खट्! आणि मगच बाहेर जायचं.

टिकली गेली घरट्यात, गोष्ट राहिली कानात!